आधी उणीव, मग गोळी

आत्याच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर एक स्टीलचा डबा असतो. पूर्वी त्यात बेसनाचे लाडू असायचे, आता गोळ्यांच्या स्ट्रिपा असतात. गेल्या दिवाळीत तिने तो माझ्यापुढे ठेवला. "तू आरोग्यावर लिहितेस ना? मग बघ गं जरा. पायाला सारख्या मुंग्या येतात, रात्री तळपायांची आग होते. आणखी कुठली ताकदीची गोळी सुरू करू?"

मी डबा टेबलावर उपडा केला. सगळ्यात वर 'ड' जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची कॅप्सूल होती. डॉक्टरांनी ती दोन वर्षांपूर्वी आठ आठवड्यांसाठी लिहून दिली होती. आत्या ती अजून दर रविवारी घेत होती. खाली कॅल्शियमची गोळी, तिच्यातही 'ड' होतंच. शेजारच्या काकूंनी सुचवलेली 'ई' जीवनसत्त्वाची हिरवी कॅप्सूल होती. केस गळतात म्हणून मुलीने अमेरिकेहून आणलेली बायोटिनची बाटली होती. आत्या थायरॉइडची गोळी घेते, मधुमेहासाठी दहा वर्षं मेटफॉर्मिन घेते आणि जन्मापासून पक्की शाकाहारी आहे. मेटफॉर्मिन, शाकाहार आणि पायाच्या मुंग्या एकत्र ठेवल्या की एका जीवनसत्त्वाचं नाव लगेच डोळ्यांसमोर येतं: बी १२. डब्यात नेमकं तेच नव्हतं.

आत्याच्या डब्यासारखा डबा आज घरोघरी आहे. म्हणूनच कुठली गोळी चांगली, या प्रश्नाआधी एक प्रश्न विचारायला हवा. माझ्या शरीरात उणीव कशाची आहे? हा प्रश्न कसा विचारायचा आणि त्याचं उत्तर कसं शोधायचं, याचा एक उत्तम धडा आपल्याच मुंबईत, परळमध्ये घडलेला आहे.

परळची गोष्ट

१९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेतून काम करू लागली. तिच्यापुढचा प्रश्न गिरणगावातला होता. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना भयंकर रक्तक्षय होत होता आणि त्यात अनेकींचा जीव जात होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. म्हणजे हा लोहाच्या कमतरतेचा साधा रक्तक्षय नव्हता, कारण लोह कमी पडलं की पेशी लहान होतात.

विल्सने या बायका रोज काय खातात याची बारकाईने चौकशी केली. सर्वांत गरीब घरांतल्या बायकांच्या ताटात भाजी, फळं आणि प्रथिनं यांची वानवा होती. मग तिने माकडांना तशाच प्रकारचा आहार दिला, त्यांच्यात रक्तक्षय दिसू लागल्यावर त्यांना वेगवेगळे पदार्थ देऊन पाहिले. गुण आला तो मार्माइटने. इंग्रज घरांत ब्रेडला लावून खातात ते यीस्टचं काळपट, खारट चाटण म्हणजे मार्माइट. मुंबईतल्या आजारी बायकांना ते दिल्यावर त्यांचंही रक्त झपाट्याने सुधारू लागलं. १९३१ साली विल्सने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मार्माइटमधल्या त्या अज्ञात द्रव्याला 'विल्स फॅक्टर' असं नाव पडलं. पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळं काढण्यात आलं आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव ठेवलं गेलं फोलिक अ‍ॅसिड. आज जगभरच्या गरोदर स्त्रिया जी गोळी घेतात, तिचं मूळ असं परळमध्ये आहे.

या गोष्टीला आणखी एक पदर आहे. बी १२ कमी पडलं तरी तांबड्या पेशी अशाच मोठ्या होतात. रक्त बघून दोन्ही उणिवा सारख्याच वाटतात. बी १२ कमी असलेल्या माणसाला नुसतं फोलिक अ‍ॅसिड दिलं तर त्याचं रक्त सुधारतं, हिमोग्लोबिनही वाढतं. पण मज्जातंतूंची झीज आतल्या आत चालूच राहते आणि लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. लक्षण सारखं, उणीव वेगळी आणि चुकीच्या गोळीने मिळालेला दिलासा फसवा. थकवा, केस गळणं, मुंग्या येणं यांवर अंदाजाने गोळी सुरू करण्यातला धोका हाच आहे.

भरलेली घागर

आपल्याला लागणारी जीवनसत्त्वं एकूण तेरा. अ, क, ड, ई, के आणि 'ब' गटातली आठ. ती लागतात अगदी किंचित. बी १२ दिवसाला सुमारे अडीच मायक्रोग्रॅम पुरतं आणि मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पण तेवढंही मिळालं नाही तर शरीराची कामं अडतात. जीवनसत्त्वांमधून ऊर्जा मिळत नाही. अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या, रक्त बनवणाऱ्या, हाडं घडवणाऱ्या रासायनिक क्रियांना ती हातभार लावतात. म्हणून उणीव असेल तर गोळीने माणूस टवटवीत होतो आणि उणीव नसेल तर त्याच गोळीने काहीही फरक पडत नाही. 'ताकदीची गोळी' हा शब्दच दिशाभूल करणारा आहे.

'ब' गटातली जीवनसत्त्वं आणि 'क' पाण्यात विरघळतात. भरलेल्या घागरीत ओतलेलं पाणी जसं काठावरून ओघळतं, तसा त्यांचा बहुतेक जादा भाग लघवीवाटे निघून जातो. अ, ड, ई आणि के मात्र चरबीत विरघळतात आणि शरीरात साठतात. महिनोन् महिने जादा 'ड' घेतलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता सुरू होते आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. गरोदरपणात 'अ' जीवनसत्त्वाचा अतिरेक गर्भाला अपायकारक ठरतो. पाण्यात विरघळणारी सगळीच निर्धोक आहेत असंही नाही. बी ६ मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर त्यानेच मज्जातंतूंना इजा होते आणि हातापायांना मुंग्या येतात.

जास्त घेतलं तर जास्त फायदा, ही समजूत मोठमोठ्या चाचण्यांनी खोटी ठरवली आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर बीटा कॅरोटिनचा प्रयोग झाला. या द्रव्यापासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवतं आणि त्याने फुप्फुसाचा कर्करोग टळेल अशी आशा होती. १९९४ साली निकाल आला. गोळी घेणाऱ्यांमध्ये हा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. 'ई' जीवनसत्त्वाबाबत अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा २०११ साली आलेला निकालही असाच होता. रोज ४०० युनिट घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के अधिक दिसला. गाजर खाणं आणि गाजरातलं एकच द्रव्य काढून त्याची मोठी मात्रा रोज घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

'ड' जीवनसत्त्वाची चाचणी तर २५,८७१ लोकांवर झाली. ते पन्नाशीच्या वा त्यापुढच्या वयाचे होते आणि उणीव आहे म्हणून त्यांना निवडलेलं नव्हतं. रोज दोन हजार युनिट घेऊन त्यांच्यात ना कर्करोग कमी झाला, ना हृदयविकार. पुढे हाडं मोडण्याचं प्रमाणही कमी झालेलं दिसलं नाही. 'क' जीवनसत्त्वाने सर्दी टळते हा समज लायनस पॉलिंग या थोर शास्त्रज्ञाच्या १९७० सालच्या पुस्तकाने जगभर पसरवला. नंतरच्या अनेक अभ्यासांचा मेळ घातल्यावर दिसलं ते इतकंच, की रोज गोळी घेतल्याने सामान्य माणसाची सर्दी टळत नाही, फार तर तिचा मुक्काम ८ टक्क्यांनी कमी होतो. आठवड्याची सर्दी असेल तर अर्ध्या दिवसाचा फरक. शिवाय दिवसभराचं 'क' एका पेरूतून मिळतं.

आपल्याकडे खरोखर काय कमी पडतं

याचा अर्थ गोळ्या निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. उणीव असेल तिथे त्या अक्षरशः जीव वाचवतात आणि आपल्याकडे काही उणिवा फार मोठ्या प्रमाणावर आहेत.

पहिली बी १२ची. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर आणि आसपासच्या ४४१ पुरुषांची तपासणी केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांमध्ये बी १२ कमी आढळलं. सर्वांत वाईट स्थिती होती शहरी मध्यमवर्गाची, तिथे प्रमाण ८१ टक्के होतं. खाऊनपिऊन सुखी घरांत ही उणीव जास्त, याचं कारण आपल्या ताटात आहे. बी १२ वनस्पती बनवत नाहीत. ते जिवाणू बनवतात आणि मांस, मासे, अंडी, दूध यांतून ते आपल्याला मिळतं. शाकाहारी माणसाचा आधार फक्त दूध, दही, ताक. एक कपभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं, चहात घातलेल्या दोन चमच्यांत जवळपास काहीच नाही. मोड आलेली कडधान्यं प्रकृतीला उत्तम, पण त्यांत बी १२ नसतं. स्पिरुलिनात असतं ते बहुतांशी आपल्या शरीराला न वापरता येणारं.

खाल्लेलं बी १२ अंगी लागणंही सोपं नाही. अन्नातून ते सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, मग जठरात तयार होणारं एक खास प्रथिन त्याला सोबत घेऊन लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत नेतं. वय वाढलं की ही व्यवस्था मंदावते. दीर्घकाळ घेतलेल्या मेटफॉर्मिनने आणि वर्षानुवर्षं रोज सकाळी घेतल्या जाणाऱ्या 'पित्ताच्या गोळी'नेही ती बिघडते. यकृतात काही वर्षं पुरेल इतका साठा असतो, म्हणून उणीव हळूहळू, नकळत येते. शाकाहारी, साठीपुढच्या आणि ही औषधं घेणाऱ्या प्रत्येकाने बी १२ची रक्ततपासणी करून घ्यावी.

दुसरी उणीव लोहाची. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के आहे. शाळेत मुलामुलींना दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी आणि गरोदर स्त्रीला सरकारी दवाखान्यात मिळणारी लाल गोळी ही लोह आणि फोलिक अ‍ॅसिडचीच. फुकट मिळते म्हणून ती कमी प्रतीची समजू नका. मात्र प्रत्येक रक्तक्षय लोहाचा नसतो. थॅलेसेमिया मायनर असलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन जन्मतःच थोडं कमी असतं आणि लोहाची उणीव नसेल तर लोहाने ते वाढत नाही. विदर्भातल्या आणि खानदेशातल्या आदिवासी भागांत सिकलसेलमुळे होणारा रक्तक्षयही आहे. म्हणून हिमोग्लोबिन कमी आलं तर कारण शोधल्याशिवाय वर्षानुवर्षं लोह घेत राहू नये.

तिसरी 'ड' जीवनसत्त्वाची. भरपूर ऊन असलेल्या देशात ही उणीव का, असं आपण म्हणतो. पण आपल्याकडे अंगावर घ्यायचं ते कोवळं ऊन, हा संस्कार. त्वचेत 'ड' तयार करणारे किरण सकाळच्या कोवळ्या उन्हात फारसे नसतात. सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या दरम्यान, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते तेव्हाच्या उन्हात ते असतात. बंद काचेआडून येणाऱ्या उन्हाचा यासाठी उपयोग नाही. त्या वेळी आपण कार्यालयात असतो, नाहीतर स्कार्फ गुंडाळून दुचाकीवर. तपासणीत 'ड' कमी आलं तर साठ हजार युनिटची कॅप्सूल आठवड्यातून एकदा, डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे घ्यायची. ती रोजची नव्हे आणि कायमचीही नव्हे. चुकून रोज घेतल्याने विषबाधा झालेले रुग्ण डॉक्टरांकडे येतात.

चौथी गोष्ट फोलिक अ‍ॅसिडची, आणि ती वेळेची आहे. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून घडतो ती नळी गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड मूल हवं असं ठरवल्यापासूनच सुरू करायला हवं, ते यासाठी. ही एक गोळी अशी आहे की जी तपासणीची वाट न बघता घ्यावी.

कॅल्शियमसाठी मात्र आधी ताटाकडे बघा. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. दूध, दही, तीळ, राजगिरा यांतही ते चांगलं असतं. एवढं रोज पोटात जात असेल तर गोळीची गरज बहुधा पडत नाही. कमी पडत असेल तेवढीच भर गोळीने घालावी.

स्ट्रिपची मागची बाजू

दुकानात आपण पुढची बाजू बघतो, उपयोगाची माहिती मागे असते. तिथे तीन गोष्टी बघाव्यात.

एक, खरी मात्रा. '१२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट' या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असतं, उरलेलं वजन कार्बोनेटचं. लोहाच्या गोळीचंही तसंच. 'एलिमेंटल' या शब्दापुढचा आकडा खरा. 'ड' कधी युनिटमध्ये लिहिलेलं असतं, कधी मायक्रोग्रॅममध्ये. ४० युनिट म्हणजे एक मायक्रोग्रॅम.

दोन, पुनरावृत्ती. कॅल्शियममध्ये 'ड', मल्टिव्हिटॅमिनमध्ये 'ड', प्रथिनांच्या पावडरीत पुन्हा 'ड'. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा शेजारीशेजारी ठेवून एकाच नावाखालच्या आकड्यांची बेरीज करा.

तीन, हे औषध आहे की पूरक आहार? पूरक आहार अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या अखत्यारीत येतो. त्यावर चौदा अंकी परवाना क्रमांक आणि 'औषधी वापरासाठी नाही' अशी सूचना असते. जे स्वतःच हे सांगतं, ते सांधेदुखी किंवा मधुमेह बरा करेल या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये. वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक, असंही समजू नये. करोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, पण रोज काय घेतो ते डॉक्टरांना सांगावं, एवढा धडा त्यातून नक्की घ्यावा.

गोळी कधी घ्यायची, हेही महत्त्वाचं. 'ड' जेवणानंतर घ्यावं, तेलतुपासोबत ते चांगलं शोषलं जातं. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत आणि एका वेळी पाचशे मिलिग्रॅमहून जास्त नको. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नये. लोहासोबत लिंबूपाणी चांगलं, चहा वाईट. पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली रीत लोहाच्या दृष्टीने फार शहाणपणाची आहे, पण पाठोपाठ येणारा चहा तासाभराने घ्यावा. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह यांत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉइडची गोळी वाया जाते. रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनसारखी औषधं घेणाऱ्यांनी 'के' किंवा 'ई' असलेली गोळी विचारल्याशिवाय सुरू करू नये. मुतखडा झालेल्यांनी 'क' आणि कॅल्शियमच्या गोळ्यांबाबत तेच करावं. बायोटिनची मोठी मात्रा थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकवते, म्हणून तपासणीआधी ते घेत असल्याचं जरूर सांगावं.

पुन्हा आत्याचा डबा

त्या आठवड्यात आम्ही तो डबाच घेऊन डॉक्टरांकडे गेलो. आत्या सकाळी चहासोबत थायरॉइडची आणि कॅल्शियमची गोळी एकदमच घेत होती, हे तिथे प्रथम कळलं. बायोटिन काही दिवस बंद ठेवून रक्त तपासलं. बी १२ फारच कमी निघालं, 'ड' गरजेहून जास्त. आधी इंजेक्शनं, मग बी १२ची रोजची गोळी सुरू झाली. 'ड'ची कॅप्सूल, 'ई' आणि बायोटिन बंद झालं. कॅल्शियम जेवणासोबत गेलं. मुंग्या एका दिवसात थांबल्या नाहीत, मज्जातंतू सावरायला महिने लागतात. उन्हाळा आला तेव्हा आत्या रात्री शांत झोपू लागली होती.

आज घरी गेल्यावर तुमचाही डबा एकदा टेबलावर उपडा करा. प्रत्येक स्ट्रिप हातात घेऊन विचारा: ही कोणी सांगितली, कोणत्या उणिवेसाठी आणि कधीपर्यंत? ज्या गोळीबाबत या तिन्हींची उत्तरं मिळत नाहीत, ती बाजूला काढा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती सोबत न्या आणि चालू ठेवायची की नाही, ते त्यांना विचारा.